पीएच मीटर : एका बफरची फसवी परीक्षा

रसायनशास्त्राच्या कित्येक प्रयोगपुस्तिका पीएच मीटरची पूर्वतयारी एका वाक्यात उरकतात : इलेक्ट्रोड ७ पीएचच्या बफरमध्ये बुडवा, आकडा ७ वर आणा आणि मापन सुरू करा. ही सूचना अपुरी तर आहेच, शिवाय फसवी आहे. इलेक्ट्रोडचा काचेचा फुगा तडकला, की मीटर लिंबाच्या रसात आणि साबणाच्या पाण्यातही बहुधा ७ च्या आसपासच आकडा दाखवते. म्हणजे निकामी इलेक्ट्रोड या परीक्षेत हमखास उत्तीर्ण! ४ पीएचचे दुसरे बफर घेतले, की त्याचे बिंग फुटते. २५° सेल्सिअसला पीएचच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा.

‘इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा’ हा सल्लाही गाळावा. पाण्यात त्यातील क्षार झिरपून जातो. त्याऐवजी ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड वापरावे. फुगा घासू नये, नुसता टिपावा. फिरत्या चुंबकापासून तो वर धरावा, नाहीतर आम्लात काचा पडतात.

आकडा जुळला नाही, की विद्यार्थी पुस्तकातले उत्तर वहीत उतरवतो. खरे नुकसान होते ते इथे. म्हणून शिक्षकांनी दुसऱ्या बफरचा आग्रह धरावा.