संगणकाचा ताप आणि नाडी

दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक विद्यार्थी मध्यंतरी आमच्याकडे मोबाइलवर काढलेला एक फोटो घेऊन आला. मामाने वापरून बाजूला ठेवलेला एक जुना संगणक त्याला मिळाला होता. त्यात इंटेलचा कोअर २ डुओ ई८४०० हा २००८ सालचा प्रोसेसर, ठरवून दिलेला वेग ३ गिगाहर्ट्झ. हा वेग ३.६ पर्यंत चढवायचा, म्हणजे ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते करायचे, असा त्याचा बेत होता. त्याआधी तापमान पाहावे म्हणून त्याने फुकट मिळणारे दोन जुने प्रोग्रॅम एकाच वेळी चालवले. एकाने ४८ अंश सेल्सिअस सांगितले, दुसऱ्याने ५८. चिप एकच, क्षणही एकच. "सर, यातला खरा कोणता?" हा त्याचा प्रश्न.

दोन्ही खोटे, असे आम्ही सांगितले, तेव्हा तो हसला. पण ते खरेच तसे होते, आणि ते पटवून द्यायला आमचा चांगला तासभर गेला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकणाऱ्या या आकड्यांबद्दल आमची जी तक्रार आहे, ती त्या तासाभराच्या निमित्ताने येथे मांडत आहोत.

आधी तापमानाकडे वळू. या प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यात एक संवेदक बसवलेला असतो. आपल्याला वाटते की तो तापमापीसारखा थेट अंश सांगत असेल. तो तसे काही सांगत नाही. चिप फार तापली की स्वतःला वाचवण्यासाठी ती आपले काम आपणच मंद करते. त्यासाठी कारखान्यात एक मर्यादा ठरवलेली असते. संवेदक एवढेच सांगतो, की त्या मर्यादेपासून आपण अजून किती अंश खाली आहोत. त्या दिवशी संवेदकाचा आकडा होता ४७. पहिल्या प्रोग्रॅमने मर्यादा ९५ धरली आणि वजाबाकी करून ४८ लिहिले. दुसऱ्याने १०५ धरली आणि ५८ लिहिले. हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्याची मर्यादा इंटेलने जाहीर केलेली नव्हती, त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपापल्या प्रयोगांवरून अंदाज बांधले होते. पुढे २००८ सालीच इंटेलने आकडे प्रसिद्ध केले. त्यात या प्रोसेसरसाठी १०० अंश दिले होते. म्हणजे फोटोतल्या क्षणी तापमान ५३ च्या आसपास असणार. इंटेलनेही त्या आकड्याला 'टार्गेट' असाच शब्द वापरला होता, कारण प्रत्यक्ष मर्यादा एकाच जातीच्या दोन चिपांतही थोडी वेगळी असू शकते.

वर्गात हे समजावायचे तर महाबळेश्वरचे उदाहरण घ्यावे. समजा, एखादा माणूस पातेल्याकडे पाहून एवढेच सांगू शकतो, की "पाणी उकळायला अजून ३५ अंश बाकी आहेत." हे ऐकून मुंबईचा मुलगा म्हणेल, पाणी ६५ अंशांवर आहे. पण पातेले महाबळेश्वरला असेल, तर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तेव्हा खरे उत्तर ६० च्या आसपास. सांगणाऱ्याचे काही चुकलेले नाही. आपण गृहीत धरलेले १०० चुकले आहेत.

आमची तक्रार संवेदकाविरुद्ध नाही, प्रोग्रॅमविरुद्ध आहे. ४७ ही खरी मिळालेली माहिती, ९५ हे गृहीतक आणि ४८ हा निष्कर्ष. यांपैकी निष्कर्ष तेवढा ठळक छापायचा आणि गृहीतक मेनूच्या कोपऱ्यात दडवायचे, ही रीत कोणत्याही विज्ञानशिक्षकाने चालवून घेऊ नये. प्रयोगवहीत उपकरणाचे लघुतम माप न लिहिता उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे आपण गुण कापतो. येथे तर काही प्रोग्रॅम दशांश चिन्हानंतरचा अंकही दाखवतात! 'रिअल टेम्प' नावाच्या प्रोग्रॅमचा मात्र आम्ही आदराने उल्लेख करू. तो तापमानाबरोबर 'मर्यादेपासूनचे अंतर' ही वेगळी ओळ दाखवत असे. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला खरे तर तीच ओळ पुरेशी आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा संवेदक मर्यादेजवळ नेमका बोलावा म्हणून बनवलेला आहे. मर्यादेपासून दूर, संगणक निवांत बसलेला असताना, त्याचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. त्या काळच्या काही चिपांत तर तो खाली एका ठिकाणी अडकूनच बसे. मग "निवांत असताना माझा संगणक ३२ अंशांवर असतो" या फुशारकीला काय अर्थ उरतो?

इंटेलच्या पुढच्या पिढीत, म्हणजे २००८ च्या अखेरीस आलेल्या कोअर आय७ पासून, ही मर्यादा चिपच्या आतच नोंदलेली असते आणि प्रोग्रॅमला ती वाचता येते. म्हणजे प्रश्न मिटला असे वाटेल. पण २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर आले, तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स ही दोन मॉडेले प्रत्यक्षापेक्षा २० अंश जास्त तापमान कळवत होती, आणि तेही मुद्दाम! सर्व मॉडेलांचे पंखे एकाच धोरणाने फिरावेत, म्हणून कंपनीने या दोघांच्या आकड्यात २० मिळवून ठेवले होते. साध्या १७०० मध्ये असे काही नव्हते. ज्याने हा खुलासा वाचला नाही, त्याने आपला संगणक विनाकारण आजारी मानला असणार. हेतू समजण्याजोगा होता, पण तापमापीचीच पट्टी सरकवण्याची ही युक्ती आम्हाला पसंत नाही. पंख्याला द्यायचा आकडा आणि माणसाला द्यायचा आकडा वेगवेगळा ठेवता आला असता.

आता मार्गदर्शन करणाऱ्या लेखांकडे येऊ. "इतके व्होल्ट द्या, इतक्या गिगाहर्ट्झवर न्या, तापमान ६५ च्या आत राहील," असे ते खात्रीने सांगतात. ते बहुधा अशा देशांत लिहिलेले असतात, जिथे खोलीचे तापमान २० अंश असते. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, एप्रिलमध्ये संगणकाच्या खोलीत ३८ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. यातला फरक गणिताने पाहू. चिपमधून दर वॅटमागे तापमान किती अंश चढते हे तिच्यावर बसवलेल्या धातूच्या पंखेदार ठोकळ्यावर अवलंबून असते. ते अर्धा अंश समजा आणि चिप ६० वॅट खाते असे समजा. म्हणजे वाढ ३० अंश. थंड देशात चिप ५० वर, आपल्याकडे ६८ वर. चिपमधला वीजखर्च वेगाच्या सम प्रमाणात आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढतो. वेग २० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून दाब १० टक्के वाढवला, तर १.२ × १.१ × १.१ = १.४५ पट. ६० चे ८७ वॅट होतात आणि वाढ सुमारे ४४ अंशांची होते. तिकडे ६४, इकडे ८२. त्या लेखकाचे गणित चुकलेले नाही, त्याची खोली वेगळी आहे. म्हणून वहीत नुसते तापमान लिहू नये. शेजारी साधी भिंतीवरची तापमापी ठेवून खोलीचेही लिहावे. वजाबाकी करून येणारा आकडाच दोन गावांत ताडून पाहता येतो. (विद्यार्थ्याला हे फार आवडले. शाळेची तापमापी सुटीत घरी न्यायला मिळेल का, असे त्याने लगेच विचारले.)

तापानंतर नाडी. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, एवढाच त्याचा अर्थ. कवायतीच्या मैदानावर शिक्षक शिट्टी वाजवतात आणि प्रत्येक शिट्टीला मुले एक पाऊल टाकतात, तसे हे आहे. शिट्ट्या वाढल्या म्हणजे रांग जास्त अंतर कापेलच असे नाही. एका शिट्टीला पाऊल केवढे पडते तेही पाहावे लागते. इंटेलचा पेन्टियम ४ हा २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, आणि २००६ मध्ये आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ डुओने त्याला मागे टाकले. एएमडीने २००१ मध्ये १५३३ मेगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला '१८००+' असे नाव दिले. नुसते मेगाहर्ट्झ फसवे असतात हे त्यांचे म्हणणे रास्त होते, पण त्यावर उपाय म्हणून त्यांनी जो आकडा छापला त्याला एककच नव्हते.

पडद्यावरचा वेगाचा आकडाही असाच हिशेबातून येतो. ई८४०० मध्ये मूळ ठोका ३३३ मेगाहर्ट्झचा आणि त्याला ९ ने गुणले की ३ गिगाहर्ट्झ. काम नसले की प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी गुणक ६ वर आणतो आणि पडद्यावर २ गिगाहर्ट्झ दिसतात. आमच्या विद्यार्थ्याला वाटले होते, मामाने फसवले! नव्या प्रोसेसरांत उलटा घोटाळा होतो. गाभा बहुतेक वेळ झोपलेला असतो, तरी प्रोग्रॅम त्याचा जागेपणीचा शेवटचा वेग दाखवत राहतो. शिवाय विचारणाऱ्याने विचारले की झोपलेला गाभा जागा होतो. मुलाला हलवून "झोपलास का रे?" विचारण्यासारखेच हे. २०१९ च्या जुलैमध्ये रायझन ३००० मालिकेबाबत अनेकांनी तक्रार केली, की संगणक निवांत असतानाही विद्युत्दाब चढाच दिसतो. तेव्हा वारंवार चौकशी करणारे प्रोग्रॅमच त्याला जागे ठेवतात, असा खुलासा एएमडीने केला. याहून गंमत २०१३ ची. विंडोज ८ चालू असताना मूळ ठोका बदलला, तर काही संगणकांत वेळ मोजणारे घड्याळच त्याबरोबर मागेपुढे होई. वेगाच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने त्या ऑगस्टमध्ये विंडोज ८ वरचे निकाल घेणेच थांबवले. धावपटू आणि स्टॉपवॉच एकाच किल्लीवर चालत असतील, तर विक्रम कसला?

ओव्हरक्लॉकिंगची ख्याती ज्यामुळे झाली, तो १९९८ चा सेलेरॉन ३००ए. मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चे ४५० होत, आणि पुष्कळ चिपा ते सहज सोसत, कारण बाजारासाठी त्यांच्यावर कुवतीपेक्षा कमी वेग छापलेला होता. आजचे प्रोसेसर ती शिल्लक स्वतःच टर्बोच्या नावाने वापरून टाकतात. इंटेलच्या बहुतेक मॉडेलांत गुणक कुलूपबंदच असतो, तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

आणि मुख्य मुद्दा राहिलाच. वेग वाढवण्यातला धोका म्हणजे चिप जळणे, असे सगळे समजतात. अलीकडच्या चिपा सहसा स्वतःला वाचवतात. खरा धोका कवायतीच्या रांगेत आहे. शिट्टी लवकर वाजली की सर्वांत मंद मुलाचे पाऊल अजून हवेतच असते. चिपमध्ये तसे झाले तर शून्याच्या जागी एक नोंदला जातो, आणि यंत्र थांबेलच असे नाही. विंडोज सुरू होते, गाणी वाजतात. निकालपत्रकातली एखादी बेरीज मात्र चुकते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. "विंडोज सुरू झाले म्हणजे जमले" असे लिहिणाऱ्या मार्गदर्शकांना आम्ही यासाठी दोष देतो. मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्याच्या १९९६ पासून चाललेल्या उपक्रमात 'प्राइम९५' हा प्रोग्रॅम वापरला जातो. त्यात एक कसोटी आहे: ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी लांबलचक गणिते तो तासन्‌तास करवून घेतो आणि उत्तरे ताडून पाहतो.

विद्यार्थ्याने मूळ ठोका ४०० केला, दाब थोडा वाढवला आणि ३.६ गिगाहर्ट्झवर ही कसोटी लावली. मर्यादेपासूनचे अंतर १९ अंश होते. चिपने वेग कमी केला नाही, संगणक बंद पडला नाही. चाळिसाव्या मिनिटाला एका गाभ्याचे उत्तर चुकले. मूळ ठोका ३७८ वर, म्हणजे वेग ३.४ वर आणल्यावर तीच कसोटी रात्रभर चालली आणि सकाळी सगळी उत्तरे बरोबर होती. त्याच्या वहीत त्या रात्रीच्या खोलीच्या तापमानाची नोंद आहे: ३६ अंश. पावसाळ्यात पुन्हा ३.६ वर नेऊन पाहणार आहे म्हणतो.