डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले चरित्र आणि डॉल दांपत्याचा कौटुंबिक इतिहास

प्रस्तावना

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यातील बहुतेक लेखन एका दांपत्याची कहाणी म्हणून लिहिले व वाचले गेले आहे. हट्टी, विक्षिप्त, सुधारणेच्या ध्यासाने झपाटलेला पती आणि त्याने घडविलेली पत्नी हे चित्र मराठी वाचकाच्या मनात इतके पक्के बसले आहे की, त्यामागे असलेल्या मूळ साधनांकडे जाण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. नांदेड-लातूरकडील महाविद्यालयांतही 'आनंदीबाई' म्हटल्यावर विद्यार्थ्यांना प्रथम आठवते ती श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी. अलीकडच्या पिढीला २०१९ चा त्याच नावाचा चित्रपट. वस्तुतः आनंदीबाईंचे पहिले चरित्र मराठीत नव्हे, तर इंग्रजीत आणि एका अमेरिकन स्त्रीने लिहिले आहे. कॅरोलाइन हीली डॉल यांचे हे पुस्तक १८८८ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या निधनानंतर वर्षभरात, बोस्टनहून प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेत या पुस्तकाचा उल्लेख साधन म्हणून येतो. परंतु ते लिहिणारी स्त्री कोण होती, तिचे स्वतःचे घर कसे होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात डॉल दांपत्याच्या कौटुंबिक इतिहासाच्या आधारे या चरित्राचे वाचन केले असून पुढील मराठी लेखनाशी त्याची तुलना केली आहे.

डॉल दांपत्य

कॅरोलाइन हीली यांचा जन्म १८२२ साली बोस्टन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडील मार्क हीली यांनी मुलीच्या शिक्षणाकडे बारकाईने लक्ष दिले होते. १८३७ च्या आर्थिक मंदीत मात्र त्यांच्या व्यापाराला जबर धक्का बसला. १८४४ साली कॅरोलाइन यांचा विवाह चार्ल्स डॉल या युनिटेरियन धर्मोपदेशकाशी झाला. चार्ल्स यांनी बाल्टिमोर, पोर्ट्समथ, नीडहॅम, टोरांटो अशा अनेक ठिकाणी काम केले. पण कोठेही त्यांचा जम बसला नाही. अखेर १८५५ साली त्यांनी युनिटेरियन पंथाचे मिशनरी म्हणून कलकत्त्यास जाण्याचा निर्णय घेतला. त्यावेळी थोरला मुलगा विल्यम नऊ वर्षांचा होता आणि मुलगी सारा त्याहून लहान. कॅरोलाइन मुलांसह मागे राहिल्या.

यानंतरचा तपशील कोणत्याही कादंबरीकाराला मोहात पाडील असा आहे. अधूनमधून मायदेशी झालेल्या काही भेटी सोडल्या तर चार्ल्स डॉल यांचे उर्वरित आयुष्य कलकत्त्यातच गेले. तेथे त्यांनी शाळा चालविल्या. ब्राह्मो समाजाच्या मंडळींशी त्यांचा निकटचा संबंध आला. जुलै १८८६ मध्ये कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले. बेचाळीस वर्षांच्या वैवाहिक जीवनापैकी एकतीस वर्षे पती-पत्नींच्या मध्ये दोन महासागर होते! घटस्फोट झाला नव्हता. संसारही एकत्र नव्हता. कॅरोलाइन यांनी व्याख्याने आणि लेखन यांवर लक्ष केंद्रित केले. स्त्रियांचे शिक्षण, त्यांचे श्रम आणि कायद्यातील त्यांचे स्थान यांवरील त्यांचा ग्रंथ १८६७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील समाजशास्त्रीय संघटनेच्या १८६५ मधील स्थापनेत त्यांचा वाटा होता. मुलगा विल्यम पुढे नामांकित निसर्गशास्त्रज्ञ झाला. अलास्कातील एका रानमेंढीला आजही त्याचे नाव आहे. कॅरोलाइन यांनी आयुष्यभर लिहिलेल्या दैनंदिनीचे पंचेचाळीस खंड आज मॅसॅच्युसेट्सच्या इतिहास संस्थेत जतन केलेले आहेत. डॉल दांपत्याचा कौटुंबिक इतिहास आज लिहिता येतो तो प्रामुख्याने या दैनंदिनीमुळे.

अशा स्त्रीने, पतीच्या निधनानंतर दोन वर्षांनी, हिंदुस्थानातून आलेल्या एका विवाहितेचे चरित्र लिहिले. हिंदुस्थान हा तिच्या दृष्टीने केवळ दूरचा, कुतूहलाचा देश नव्हता; तिच्या संसारातील पुरुष त्या देशाने ठेवून घेतला होता. योगायोग असा की, समुद्रापलीकडे जाण्यापूर्वीचे जोशी दांपत्याचे शेवटचे बिऱ्हाडही कलकत्त्याजवळच, बंगालमधील श्रीरामपूर येथे होते. यावरून चरित्रातील प्रत्येक वाक्याचा उगम लेखिकेच्या दुःखात शोधणे हा सवंग मानसशास्त्रीय खटाटोप ठरेल. तथापि पती-पत्नींचे नाते पत्रांवर कसे तगते, कसे विरते, याचा तीन दशकांचा अनुभव असलेली लेखिका हे चरित्र लिहीत आहे, ही गोष्ट वाचकाने नजरेआड करू नये.

शीर्षकातील नाते

डॉल यांच्या पुस्तकाचे शीर्षकच लक्षणीय आहे. त्यात आनंदीबाईंची ओळख 'पंडिता रमाबाईंची नातलग' अशी करून दिली आहे. गोपाळरावांचे नाव शीर्षकात नाही. याचे एक कारण उघडच व्यावहारिक आहे. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत आल्या आणि पुढे तेथेच राहून व्याख्याने देत होत्या. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियाहून प्रसिद्ध झाले. त्याला आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता डॉ. रेचल बॉडली यांची प्रस्तावना होती. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनलाच रमाबाईंच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली. म्हणजे बोस्टनच्या वाचकाला रमाबाई माहीत होत्या. त्यांच्या नावाने पुस्तक खपण्याची शक्यता अधिक होती.

परंतु व्यवहार बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. कोणाची तरी पत्नी म्हणून नव्हे, तर एका स्त्रीची आप्त म्हणून आनंदीबाईंना उभे करणारे हे एकमेव शीर्षक आहे. मराठीतील शीर्षकांशी याची तुलना करून पाहावी. काशीबाई कानिटकरांच्या १८८९ च्या पुस्तकाच्या नावात 'सौ.' ही उपाधी आहे. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीचे 'आनंदी गोपाळ' हे नाव दुहेरी अर्थाचे आहे. ते जोडप्याचे नाव म्हणून वाचता येते, आणि स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याच्या आपल्या रूढीप्रमाणे एकट्या आनंदीचे पूर्ण नाव म्हणूनही वाचता येते. दुसऱ्या वाचनात गोपाळ हा आनंदीच्या नावाचाच भाग होतो. अंजली कीर्तने यांनी अमेरिकेतील साधनांचा शोध घेऊन लिहिलेल्या चरित्राच्या (१९९७) शीर्षकात 'काळ आणि कर्तृत्व' हे शब्द आले, तेव्हा प्रथमच नात्याऐवजी कामाला स्थान मिळाले.

पत्रांतील घर

डॉल यांच्या चरित्राचा कणा म्हणजे आनंदीबाईंनी थिओडिसिया कारपेंटर यांना लिहिलेली पत्रे. या पत्रव्यवहाराचा आरंभ सर्वश्रुत आहे. कोल्हापूरला असताना १८७८ मध्ये गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते पत्र आणि धर्मांतर सुचविणारे वाइल्डर यांचे उत्तर मिशनच्या नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कारपेंटरबाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे थांबल्या असता ते वाचले. त्यांनी धर्मांतराची अट न घालता थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

मराठी वाचकाला हे 'मानलेले नाते' परके नाही. मराठवाड्यातल्या खेड्यांत गुरुबहीण, धर्माची बहीण ही नाती आजही सख्ख्या नात्याइतकी पाळली जातात. जात्यावरच्या ओव्यांतही ती येतात. मात्र कौटुंबिक इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक ही नाती सहसा मोजत नाही. आनंदीबाईंच्या बाबतीत तर हे नाते वगळले की इतिहासच लंगडा पडतो. कारण स्वतःच्या घराविषयी त्या जे बोलल्या ते या मावशीपाशी बोलल्या. आईने कधी मायेने हाक मारली नाही, शिक्षा करताना हाताला येईल ती वस्तू वापरली, ही हकीकत कल्याणच्या जोशी घराण्यातील कोणी लिहून ठेवणे शक्यच नव्हते. ती रोझेलला पोहोचली आणि तेथून डॉल यांच्या पुस्तकात आली. मुलीच्या घरचा इतिहास मुलीच्या घराबाहेर सुरक्षित राहिला, असा हा प्रकार आहे.

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या आणि तो उन्हाळा त्यांनी कारपेंटर कुटुंबातच घालविला. तेथून त्या फिलाडेल्फियाला गेल्या. या कुटुंबाचे चित्रण हा डॉल यांच्या चरित्रातील उत्तम भाग होय. याउलट हिंदू चालीरीतींचे त्यांचे विवेचन ऐकीव माहितीवर बेतलेले आहे आणि आनंदीबाईंना आदर्श स्त्रीच्या साच्यात बसविण्याची घाई जागोजागी जाणवते. या मर्यादा लहान नाहीत. हिंदुस्थान पतीच्या पत्रांतून पाहिलेल्या लेखिकेचे हे लेखन आहे, याची येथे वारंवार आठवण होते.

काशीबाईंचे चरित्र

काशीबाई कानिटकरांचे चरित्र डॉल यांच्यानंतर एका वर्षाने आले. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे आद्य चरित्र होय. काशीबाईंचे स्वतःचे घर आनंदीबाईंच्या घराच्या बरेच जवळचे होते. त्याही बालवधू. पतीला शिकलेली बायको हवी म्हणून लग्नानंतर सासरच्या माणसांच्या नजरा चुकवीत त्यांनी वाचायला सुरुवात केली. पतीच्या आग्रहातून मिळालेल्या शिक्षणात कृतज्ञता आणि धाक कसे एकमेकांत मिसळलेले असतात, हे त्यांना सांगावे लागले नाही.

म्हणूनच आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र काशीबाईंनी वाचकांपुढे ठेवले, ही घटना महत्त्वाची आहे. कोवळ्या वयात झालेली मारहाण, अंगावर फेकलेली पुस्तके व खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा वयानुसार हिशेब त्या पत्रात आहे. भाषा मर्यादशील आहे, पतीविषयीचा आदरही आहे. पण हिशेब चुकविलेला नाही. पत्नीने समुद्रापलीकडे गेल्यावरच तो मांडला, हे विसरता येत नाही. अंतरामुळे डॉल दांपत्याचा संसार संपला. आनंदीबाईंना मात्र अंतरानेच बोलण्याची जागा दिली. मीरा कोसंबी यांनी १९९६ च्या आपल्या लेखात या पत्राकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले. तोपर्यंत शतकभर हे पत्र छापील स्वरूपात उपलब्ध होते, आणि तरीही ते फारसे वाचले गेले नव्हते.

कादंबरी आणि वर्ग

'आनंदी गोपाळ' ही समर्थ कादंबरी आहे, यात वाद नाही. गोपाळरावांचे तऱ्हेवाईकपण, त्यांची चीड, त्यांचे एकाकीपण श्री. ज. जोशी यांनी विलक्षण ताकदीने उभे केले. पुढे १८९० मधील पुण्याच्या पंचहौद मिशन चहा प्रकरणात सुधारकांनाच कोंडीत पकडणारा हा माणूस कोणत्याही लेखकाला आव्हान वाटावा असाच आहे. अडचण कादंबरीत नाही. ती चरित्राच्या जागी वाचण्यात आहे. कादंबरीचा केंद्रबिंदू पती-पत्नींचा संबंध हा असल्याने रमाबाईंचे आप्तपण, कारपेंटरबाईंचे मावशीपण, डॉ. बॉडलींचे पालकत्व ही सारी नाती त्या संबंधाच्या कडेला जातात. कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य आहे. परंतु मारहाण ही घडविण्याची किंमत म्हणून वाचण्याची सवय वाचकाला लागते, आणि वर्गात हेच वाचन 'त्यागाची गाथा' म्हणून सांगितले जाते, तेव्हा प्राध्यापकाने काशीबाईंनी छापलेले ते पत्र विद्यार्थ्यांपुढे ठेवलेच पाहिजे. कादंबरी त्यानंतर शिकवावी.

वंशावळीबाहेरची स्त्री

नांदेड-लातूर परिसरातील जुन्या घराण्यांचा इतिहास शोधणारा संशोधक प्रथम नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळतो. घरची पत्रे मोडीत किंवा उर्दूत; जी काही होती त्यांतली बरीच रद्दीत गेली. १९९३ च्या किल्लारी भूकंपात माळवदाच्या घरांबरोबर कागदांच्या पेट्याही मातीखाली गेल्या. राहिल्या त्या वंशावळी. वंशावळ ही पुरुषांची, बापाकडून मुलाकडे जाणारी असते. सून तीत आलीच तर कोणाची तरी पत्नी किंवा आई म्हणून येते. आनंदीबाईंचा एकुलता मुलगा दहा दिवसांत गेला. अशा स्त्रीला वंशावळीत जागाच नाही. म्हणून या भागातील स्त्रियांच्या चरित्रांचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला माहेरची पत्रे, मैत्रिणींची पत्रे, मानलेल्या बहिणींच्या आठवणी गोळा करावयास लावणे हे अधिक उपयोगाचे. वंशावळ नंतर जुळवता येते.

आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाचे काम त्यांच्याकडे सोपविले गेले होते. क्षयाने ते घडू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कारपेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. तेथील शिळेवर त्यांचे नाव, वैद्यकीची पदवी, जन्म-मृत्यूची वर्षे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख आहे. कारपेंटर घराण्याचा कौटुंबिक इतिहास लिहिणाऱ्या कोणाही अमेरिकन वंशजाला त्या दगडापाशी थांबावेच लागेल.