संशय भरपूर, शंका शून्य
विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात सामंत साक्ष देतो ती चक्क हातातल्या कादंबरीतून उचललेली. हे खेळातलं कोर्ट, साक्षही बनावट. तरी लीला बेणारेबद्दलची कुजबुज त्यानंतर पक्की होत जाते. प्रोफेसर दामले तिथे नाहीतच. आरोपी मात्र ती एकटी. या मंडळींकडे संशय भरपूर आहे, पण सगळा तिच्यावर. स्वतःच्या खात्रीबद्दल शंका कुणालाच येत नाही. म्हणूनच भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेला खटला गर्भ नष्ट करण्याच्या निकालावर येतो आणि न्यायाधीश काशीकरांना त्यात काही खटकतही नाही. कुणाबद्दलचा स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी हे नाटक जरूर वाचा. सामंतच्या हातातली कादंबरी ओळखीची वाटेल.