नक्कलवहीतील गद्य : इंग्लंडातील शिसे-चांदीच्या व्यापाराची पत्रे

व्यापाऱ्याच्या पत्राला वाङ्मयाच्या दालनात प्रवेश द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारलेला नाही. कारण त्याचे उत्तर ठरून गेले आहे असेच आपण धरून चालतो. राजकारणाचे पत्र इतिहासाचे साधन म्हणून छापावे, कवीचे पत्र चरित्राचे साधन म्हणून छापावे, आणि मालाच्या भावाचे पत्र पेढीच्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन करावे, अशी ही जुनी वाटणी आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या शिसे-चांदीच्या व्यापारातील पत्रव्यवहार वाचीत असता ही वाटणी आम्हांस प्रथमच संशयास्पद वाटू लागली. त्या संशयाची कारणे येथे मांडावी असा विचार आहे.

उत्तर इंग्लंडात पेनाइन डोंगरांच्या अंगाखांद्यावर अ‍ॅलनडेल आणि वेअरडेल ही दोन उजाड खोरी आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून येथील शिशाच्या मोठ्या खाणी न्यूकॅसलच्या ब्लॅकेट घराण्याकडे होत्या. १७२९ साली वॉल्टर कॅल्व्हर्ली नावाच्या तरुण सरदारपुत्राने या घराण्यातील मुलीशी लग्न केले, तिच्या संपत्तीबरोबर तिचे आडनावही घेतले, आणि तोच पुढे सर वॉल्टर ब्लॅकेट म्हणून ओळखला जाऊ लागला. १७३४ पासून १७७७ साली मृत्यू येईपर्यंत तो न्यूकॅसलचा पार्लमेंटमधील प्रतिनिधी होता. मालक लंडनमध्ये किंवा आपल्या वॉलिंग्टनच्या वाड्यात, खाणी डोंगरात, गाळण्याच्या भट्ट्या ड्यूकस्फील्डसारख्या आडवळणाच्या ओढ्याकाठी, मुख्य कारभारी न्यूकॅसलला, आणि गिऱ्हाईक लंडनला, हॉलंडात, कोठे कोठे. या साऱ्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे पत्र. पाठविलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल कारकुनाने बांधीव वहीत उतरून ठेवावयाची, हा पेढीचा रिवाज; त्यामुळेच ती पत्रे आज आपल्यापुढे आहेत. ड्यूकस्फील्ड येथे भट्टीच्या धुराड्याच्या दोन दगडी कमानी अद्याप उभ्या आहेत. २०१२ नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या डागडुजीबरोबर त्या भागातील सामान्य नागरिकांनी या नक्कलवह्या व हिशेब ओळीओळीने उतरून काढले. हे काम विद्यापीठांच्या पंडितांनी नव्हे, तर बव्हंशी हौशी स्वयंसेवकांनी केले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

व्यापारी गद्याचा विचार इंग्रजी टीकाकारांनी मुळीच केला नाही असे नव्हे. डॅनिएल डीफो याने १७२५च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात पत्रलेखनाला स्वतंत्र प्रकरण आहे. दैव, ग्रह आणि आपली उदात्त प्रकृती यांचा पाल्हाळ लावून शेवटी मालाची मागणी करणाऱ्या एका नवशिक्या दुकानदाराचे नमुनापत्र त्याने मोठ्या मिस्किलपणे दिले आहे. असे पत्र पाहून घाऊक व्यापाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती उधारीची! डीफोचा आग्रह असा की, निरनिराळ्या बुद्धीच्या पाचशे माणसांपुढे वाचले तरी सर्वांना एकच अर्थ कळेल असे लिहावे. पुढे सॅम्युएल रिचर्डसन या मुद्रकाला पुस्तकविक्रेत्यांनी नमुनापत्रांचे पुस्तक लिहावयास सांगितले, आणि ते लिहिता लिहिता १७४० साली ‘पॅमेला’ ही कादंबरी जन्मास आली, हे तर प्रसिद्धच आहे. पण डीफोचा नियम आणि रिचर्डसनची कल्पकता ही दोन्ही ग्रंथांतली. प्रत्यक्ष व्यवहारात हे गद्य कशाने घडले, हे पाहावयाचे तर नक्कलवहीच उघडली पाहिजे.

ते घडले, आमच्या मते, जबाबदारीने. या पत्रांतील प्रत्येक शब्दाला पैसे पडत. साधी मापाचीच गोष्ट घ्या. शिसे ‘फॉदर’ या मापाने विकले जाई. पण लंडनचा फॉदर साडेएकोणीस हंड्रेडवेटचा, न्यूकॅसलचा सुमारे २१चा, आणि इतर बंदरांचे आणखी निराळे. तेव्हा ‘फॉदरला अमुक पौंड’ एवढेच लिहिणारा कारभारी एका ओळीत मालकाचे शेकडा सात-आठ टक्के नुकसान करून बसे. भाव कोठल्या फॉदरचा, माल जहाजावर चढविलेला की धक्क्यावर ठेवलेला, पैसे रोख की इतक्या महिन्यांच्या हुंडीने, हुंडी कोणावर, शिसे साधे की शुद्ध केलेले, एवढे सारे एका वाक्यात बसवावे लागे. ते वाक्य लांब होई. परंतु त्यात एकही उपवाक्य शोभेचे नसे. आजच्या शाळांतून आपण संक्षेप हा शैलीचा गुण म्हणून शिकवितो. ही पत्रे वाचताना ध्यानात येते की खरा गुण संक्षेप नव्हे, तर नेमकेपणा होय. आणि नेमकेपणाला कधी कधी चार ओळी जास्त लागतात.

चांदीच्या प्रकरणात तर हे गद्य अधिकच सूक्ष्म होते. शिशाच्या खनिजात थोडी चांदी असते. गाळलेले शिसे हाडांच्या राखेच्या मुशीत तापवून त्यावर भात्याचा वारा सोडला म्हणजे शिशाचे मुरदाडशिंग बनून वाहून जाते आणि तळाशी चांदी उरते. ते मुरदाडशिंग काचकारखानदारांना व कुंभारांना विकावे, किंवा पुन्हा आटवून त्याचे शिसे करावे. या खटाटोपात इंधन जळे, काही शिसे हवेत व राखेत जाई. म्हणून टनामागे सुमारे ८ औंस चांदी निघत नसेल तर गाळणी परवडत नसे. ह्यू ली पॅटिन्सन याने १८३३ साली नव्या कृतीचे पेटंट घेईपर्यंत ही मर्यादा कायम होती. त्यामुळे कस लावणाऱ्याचा एक आकडा आला की कारभाऱ्याला ठरवावे लागे : हा माल चांदीसाठी गाळावा की तसाच विकावा? त्यातच आणखी एक पेच. सरकारी टांकसाळीचा चांदीचा भाव औंसाला ५ शिलिंग २ पेन्स असा बांधलेला, आणि खुल्या बाजारात तो बहुधा त्याहून चढा. म्हणून चांदी टांकसाळीकडे जाण्याऐवजी सराफांकडे जाई, आणि जो देश शिशातून चांदी काढीत होता त्याच देशात चांदीच्या सुट्या नाण्यांची सदैव टंचाई असे. राणी अ‍ॅनच्या आणि पहिल्या दोन जॉर्ज राजांच्या काळात लंडन लेड कंपनी या क्वेकरपंथीय व्यापाऱ्यांच्या मंडळीच्या चांदीची काही नाणी गुलाब व पिसांचे तुरे असे चिन्ह घालून पाडली गेली खरी. पण तो अपवाद. आकड्यामागे दडलेला हा निर्णयाचा ताण ज्याला दिसत नाही, त्याला ही पत्रे रुक्ष वाटणारच. पण मग तो दोष पत्रांचा नव्हे.

आणि या सर्वांवर ऋतूचे राज्य. भट्टीचे भाते पाण्याच्या चाकावर चालत. उन्हाळ्यात ओढा आटला की भट्टी थंड. हिवाळ्यात डोंगरातल्या वाटा चिखलाने व बर्फाने बंद. मग शिशाच्या लगडी पाठीवर वाहणारी गॅलोवे जातीची तट्टे गोठ्यात उभी. वारा उलटा असला की टाइन नदीच्या मुखाशी जहाजे खोळंबून राहात. टपाल शतकाच्या आरंभी लंडनहून आठवड्यातून तीनच वेळा निघे. भाव विचारणारे पत्र पोहोचून उत्तर परत येईतो बाजार बदललेला असण्याचा संभव असे, आणि लिहिणाऱ्याला तो बदल पोटात घेऊन लिहावे लागे. या पत्रांत पावसाचा, दंवाचा, वाऱ्याचा जो उल्लेख येतो तो निसर्गवर्णन म्हणून नव्हे. तरीही, सांगण्यास संकोच वाटतो, पण त्याच शतकातील कित्येक निसर्गकवितांपेक्षा त्या उल्लेखांतून डोंगरातला हिवाळा आम्हांस अधिक जवळून भेटला.

एकाच लेखणीचे तीन सूर हा या पत्रांचा दुसरा विशेष. मालकाला लिहिताना कारभारी नम्र. पण ती नम्रता मायन्यात आणि अखेरच्या ‘आज्ञाधारक सेवक’ या शब्दांत साठविलेली असते, मधल्या मजकुरात वाईट बातमी सरळ सांगितलेली असते. आपल्या जुन्या पत्रांतील ‘विज्ञापना ऐसीजे’ आणि ‘बहुत काय लिहिणे’ यांचे कार्यही हेच नव्हते काय? आदराची सारी सामग्री दाराशी आणि उंबऱ्याशी मांडून ठेवली म्हणजे आतल्या घरात मोकळेपणाने बोलता येते. लंडनच्या व्यापाऱ्याशी बोलताना तोच कारभारी बरोबरीच्या सौजन्याने, पण भावात पेन्सभर न हटता लिहितो. आणि भट्टीवरच्या माणसाला लिहावयाचे असले म्हणजे विशेषणे गळून पडतात. एका बैठकीत लिहिलेली अशी तीन पत्रे ओळीने वाचावयास दिली तर भाषेच्या औचित्यावर वेगळा पाठ देण्याची आवश्यकता शिक्षकाला उरू नये.

स्तुतीच्या भरात आम्ही या पत्रांची मोठी उणीव झाकू इच्छित नाही. पहिली गोष्ट, नक्कलवहीत गेलेली पत्रे असतात, आलेली नसतात. संवादाची एकच बाजू ऐकू येते. यापेक्षा गंभीर गोष्ट खाणकामगारांची. ते टोळ्यांनी खनिजाच्या मापावर बोली करून काम घेत; पोटापुरती उचल दरमहा मिळे, आणि खरा हिशेब कित्येक महिन्यांनी, बहुधा वर्षाकाठी, होई. खनिज हाती लागले नाही तर उचलीचे कर्ज डोक्यावर राही. शिशाची धूळ आणि धूर यांनी माणसे अकाली जात. एवढे सारे ज्यांच्या जिवावर चालले ती माणसे या गद्यात येतात ती संख्या म्हणून, उचलीची रक्कम म्हणून, किंवा धान्य महागले असता पुरवावयाच्या पोत्यांच्या हिशेबात. ज्या नेमकेपणाचे आम्ही वर कौतुक केले त्याचीच ही दुसरी बाजू होय : ज्याची किंमत करता येत नाही ते या वाक्यांतून सहज गळते. काही समीक्षक एवढ्यावरूनच या लेखनाला वाङ्मय म्हणण्यास नकार देतील. आम्हांस ते पटत नाही. कोणाला बोलू दिले नाही हेही ज्या गद्यातून स्पष्ट कळते, ते गद्य वाचनीयच आहे. मात्र ते भाबडेपणाने वाचता कामा नये.

असो. या शिशाचा एक अंश आमच्याही किनाऱ्याला लागत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून बनातीच्या जोडीने इंग्लंडचे शिसे हिंदुस्थानात व चीनमध्ये येई. पण संबंध सांगावयाचा तो याहून निराळा. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धन दप्तरातील पत्रे छापली, राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडीचे ४५ भाग संपादिले. या अफाट गद्याचा उपयोग इतिहासकारांनी केला. भाषेच्या दृष्टीने खुद्द राजवाड्यांनी त्याकडे पाहिले. आमच्या वाङ्मयसमीक्षेने मात्र बखरीला मान देऊन पत्राला बहुधा दाराबाहेरच ठेवले. सावकारी पत्रांची तर गोष्टच नको. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे ज्या घरांत मोडीचे रुमाल अजून शिल्लक असतील, त्यांतील हुंडीच्या सूचना आणि उगवणीचे तगादे कोणी गद्य म्हणून वाचले आहेत काय? ड्यूकस्फील्डच्या त्या स्वयंसेवकांत निवृत्त माणसे होती, गृहिणी असतील, आणि जुने अक्षर लावण्याची चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल होते. मोडी जाणणारे शिक्षक आमच्या सभासदांत आजही आहेत, पण त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे.

कोणत्या पत्राला मान मिळतो आणि कोणत्याला नाही, याचे एक उदाहरण ब्लॅकेटांच्याच घरात सापडते. जॉन इरॅस्मस ब्लॅकेट हा चार वेळा न्यूकॅसलचा महापौर झालेला गृहस्थ या शिशाच्या व्यवहाराचा मुख्य कारभारी होता. त्याची मुलगी सारा हिचे लग्न १७९१ साली कथबर्ट कॉलिंगवुड या आरमारी अधिकाऱ्याशी झाले. हाच तो ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या मृत्यूनंतर सूत्रे हाती घेणारा कॉलिंगवुड. समुद्रावरून त्याने घरी व सासऱ्याला लिहिलेली पत्रे १८२८ साली ग्रंथरूपाने निघाली, आणि निर्मळ इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून रसिकांनी ती डोक्यावर घेतली. ज्या सासऱ्याला ती लिहिली गेली, त्याची शिशाच्या भावाची, हुंड्यांची आणि खोळंबलेल्या जहाजांची पत्रे त्यानंतरही पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ नक्कलवहीतच पडून राहिली. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली. जावयाच्या पत्रांत भावनेचा ओलावा अधिक आहे, यात शंका नाही. पण वाक्य कोठे थांबवावे हे सासऱ्याला त्याच्यापेक्षा चांगले कळत होते.