व्हिंपरच्या मॅटरहॉर्न-वृत्तांतातील निवेदक

एडवर्ड व्हिंपर याच्या आल्प्सविषयक ग्रंथाची (१८७१) कीर्ती मुख्यतः मॅटरहॉर्नच्या पहिल्या आरोहणाच्या वृत्तांतावर उभी आहे. १४ जुलै १८६५ रोजी सात जणांनी ४,४७८ मीटर उंचीचे हे शिखर गाठले. उतरताना त्यांपैकी चौघे मृत्युमुखी पडले. या वृत्तांताची वाखाणणी होते ती त्यातील संयमासाठी. ती अयोग्य नव्हे. परंतु हा संयम सर्वत्र सारखाच निर्मळ आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

व्हिंपर व्यवसायाने लाकडी ठशांवर चित्रे कोरणारा. १८६० मध्ये तो आल्प्समध्ये प्रथम गेला, तोही चित्रे काढण्याच्या कामगिरीवर. ठशावर चुकलेली रेघ पुसता येत नाही. त्याच्या गद्यालाही हीच शिस्त जडलेली दिसते. त्याच वर्षी निघालेल्या लेस्ली स्टीफनच्या 'द प्लेग्राउंड ऑफ युरोप'मधील खेळकरपणा येथे शोधूनही सापडणार नाही.

हॅडो घसरून वाटाड्या क्रोझवर आदळला, त्या ओढीने हडसन व डग्लस खेचले गेले, आणि डग्लस व थोरला पीटर टाउगवाल्डर यांमधील दोर तुटला. हे सारे मोजक्या वाक्यांत येते आणि म्हणूनच अंगावर काटा आणते. खरा प्रश्न यापुढचा आहे. तुटलेला दोर बरोबरच्या तीन प्रकारच्या दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता, हे मागाहून पाहून आपण चकित झालो, असे व्हिंपर सांगतो. टाउगवाल्डरने दोर कापला हा प्रवाद तो स्पष्टपणे खोडून काढतो. मात्र दुबळाच दोर का वापरला गेला, ही शंका त्या वाटाड्याच्या माथी ठेवून तो बाजूला होतो.

त्या वेळी निवेदक स्वतः कोठे होता? याचे उत्तर त्याच्याच प्रकरणात आहे. उतरण्यासाठी मंडळी क्रमाने दोराला बांधून घेत असता तो शिखराचे रेखाटन करीत होता. (कोरक्याची ही सवय येथे किती महाग पडली असेल!) खडकाला जादा दोर बांधण्याची सूचना आपण हडसनला केली होती, पण तसे निश्चित ठरले नाही, हेही तो नमूद करतो. म्हणजे पुरावा तो दडवीत नाही. त्या पुराव्याचा रोख आपल्याकडेही वळतो, एवढेच तो म्हणत नाही. संयमी गद्याची ही दुसरी बाजू आहे. भावनेला आवर घालणारी वाक्यरचना जबाबदारीलाही तितक्याच सहजतेने आवर घालते.

झेर्माट येथील चौकशीत टाउगवाल्डरवर दोष ठेवला गेला नाही. ग्रंथाच्या वाचकापर्यंत मात्र पोहोचते ती व्हिंपरचीच जबानी.