परमुलुखातला वस्ताद

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. युरोप खंडावरचा संघ इंग्लंडला घरच्या मैदानात नमवितो, असे तोवर झाले नव्हते. त्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च म्हणाले, की आम्हांला जे येते ते सारे जिमी होगनने शिकविले. आणि गंमत अशी, की हा होगन होता अस्सल इंग्रज!

१८८२ साली लँकेशायरच्या गिरणगावात जन्मलेला हा खेळाडू १९१० मध्ये हॉलंडला शिक्षक म्हणून गेला. १९१२ त ह्यूगो माइझलने त्याला व्हिएन्नाला नेले. १९१४ चे महायुद्ध पेटताच तो तेथे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. पुढे बुडापेस्टच्या एम.टी.के. क्लबाने त्याला आपलासा केला. ऑर्ट आणि ब्राउन ही बागेत खेळणारी पोरे हेरून त्याने घडविली. युद्ध संपताच तो निघून गेला. पण १९१६-१७ पासून १९२४-२५ पर्यंत सलग नऊ वेळा हंगेरीचे अजिंक्यपद याच क्लबाकडे राहिले.

होगनची कथा सांगणारे बहुधा मोज्यांपाशी थांबतात. युद्धानंतर तो मायदेशी मदत मागावयास गेला, तेव्हा फुटबॉल संघटनेच्या चिटणिसांनी खाकी मोज्यांचे जोड पुढे केले, असे तो सांगे. ‘पिकते तेथे विकत नाही’ म्हणून आपणही हळहळतो. परंतु केवळ उपेक्षेने कोणी मोठा होत नाही. होगनचे मोठेपण त्याच्या शिकवण्यात शोधले पाहिजे, असे मला वाटते.

ड्रेस्डेनचा एक प्रसंग सांगतात. व्याख्यानात त्याच्या मोडक्या जर्मनला श्रोते हसू लागले. तेव्हा तो आत गेला, खेळाचा पोशाख चढवून अनवाणी परतला आणि चेंडू असा मारला की समोरची लाकडी फळी दुभंगली. त्याची सारी विद्या या प्रसंगात आहे. चेंडू पायाशी वश झाला पाहिजे, अचूक जोडीदाराकडे गेला पाहिजे, बाकीचे मागाहून! आपल्या गवयांनी आधी स्वर घोटवून घ्यावा, तसलाच हा प्रकार.

म्हणूनच बार्च यांचे उद्गार मी गुरुदक्षिणा म्हणून वाचतो, इतिहास म्हणून नव्हे. मध्यआघाडीच्या हिदेगकुटीला मागे ठेवून इंग्रज बचाव चकविण्याची युक्ती होगनची नव्हती. ती हंगेरियनांची स्वतःची. पण ती युक्ती पेलणारे पाय ज्या परंपरेत तयार झाले, तिचा पाया त्याने घातला होता. शिष्य गुरूच्या पुढे गेले, यात गुरूला उणेपणा तो कसला?

उलट १९३४ साली लंडनच्या फुलहॅम क्लबाने त्याला नेमले, तेव्हा तेथल्या मुरलेल्या खेळाडूंना शिकण्याची गरजच वाटेना. काही महिन्यांत त्याला नारळ मिळाला. दोन वर्षांनी त्याच्याच तालमीतल्या ऑस्ट्रियाने बर्लिन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. माणूस तोच, विद्याही तीच. पुढे ॲस्टन व्हिलाने मात्र त्याचे ऐकले आणि १९३८ त दुसऱ्या विभागाचे विजेतेपद पटकाविले. तेव्हा इंग्रज मातीला दोष देण्यात अर्थ नाही.

१९७४ त होगन वारला. त्याच्या कारकिर्दीचा माझ्यापुरता निष्कर्ष साधा आहे: गुरू कितीही थोर असो, ‘मला येत नाही’ असे म्हणणारा शिष्य भेटल्यावाचून त्याची विद्या फळत नाही. होगनला ते शिष्य परमुलुखात भेटले.