ऐकणारा कोण? ‘श्यामची आई’ आणि नव्या वर्षाचे संकल्प

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिहिणाऱ्यांच्या फोनमध्ये एक यादी तयार होते. रोज 500 शब्द. महिन्याला एक कथा. वर्षाअखेरीस कादंबरीचा पहिला खर्डा. माझ्याही फोनमध्ये ती आहे. त्याच स्क्रीनवर बोट जरा वर सरकवलं की युद्धाच्या बातम्या येतात, कुठल्यातरी कंपनीतल्या नोकरकपातीची बातमी येते, अवकाळी पावसानं झोडपलेल्या द्राक्षबागांचे फोटो येतात. यादी आणि बातम्या एकाच फोनमध्ये असतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो. म्हणून प्रश्न पडतो की अशा दिवसांत लिहायचे संकल्प करणं हा भाबडेपणा तर नाही ना?

नाशिकमध्ये राहणाऱ्याला या प्रश्नासाठी लांब जायची गरज नाही. साने गुरुजींनी 9 फेब्रुवारी 1933 ला इथल्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत बहुतेक पुस्तक लिहून काढलं. तेव्हा ते 33 वर्षांचे होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी 1930 मध्येच सोडलेली. कायदेभंगाच्या चळवळीचा पहिला जोर ओसरलेला. त्याच नाशिक शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 पासून चालू होता आणि तीन वर्षं होत आली तरी दलितांसाठी दार उघडलं नव्हतं. उमेद वाटावी असं फारसं काही आजूबाजूला नव्हतं.

‘पाच दिवसांत पुस्तक’ ही गोष्ट आपण चमत्कारासारखी सांगतो. आजच्या भाषेत ती प्रॉडक्टिव्हिटीची गोष्ट होते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, दर आठवड्याला कुठल्या कामाला किती वेळ लागेल याचे अंदाज बांधते. त्यामुळे अशा आकड्यांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. आकडा खोटा आहे असं नाही, पण तो मागचं काम झाकतो. अमळनेरला गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित काढायचे. त्याचा प्रत्येक वाचक त्यांना नावानिशी माहीत होता. मग 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून असे 18 रविवार गीतेवर प्रवचनं दिली. ती गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. म्हणजे नाशिकच्या पाच दिवसांआधी कित्येक वर्षं हा माणूस कुणाला तरी सांगत होता, नाहीतर कुणाचं तरी ऐकत होता.

हे लक्षात ठेवून पुस्तकाची रचना पाहिली की एक गोष्ट दिसते. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एकूण 42. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, मित्र जमतात, गावातलेही काही जण येऊन बसतात आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. मग सगळे उठून जातात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा येतात.

‘श्यामची आई’ म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारं संस्कारांचं पुस्तक, अशी आपली समजूत असते. 1953 च्या अत्र्यांच्या चित्रपटानं ती आणखी पक्की केली. पण पुस्तकाचा उत्तरार्ध नीट वाचला तर तो एका कुटुंबाच्या कोसळण्याचा हिशेब आहे. तिथल्या रात्रींची नावंच पाहा: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणी नरक’, ‘वित्तहीनाची हेटाळणी’, ‘तेल आहे, तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. सावकाराचं कर्ज फिटत नाही, घराची अब्रू जाते, आई खंगत जाते आणि तिच्या शेवटच्या घटकेला श्याम तिच्याजवळ नसतो. कथानकात कुठेच ‘सगळं ठीक होईल’ नाही.

तरीही हे पुस्तक वाचून माणूस खचत नाही. माझ्या मते त्याचं कारण मजकुरात सापडत नाही, ते रचनेत आहे. कालची रात्र कितीही जड गेली तरी ऐकणारे आज परत आलेले असतात. यातली आशा एवढीच आहे आणि ती पुरते. कोठडीत बसलेल्या लेखकानं आधी श्रोते कल्पिले, मग त्यांना रोज एका रात्रीपुरतं सांगितलं.

आपल्या याद्यांमध्ये नेमकं हेच नसतं. आमच्या कामात एखादं फीचर बनवायच्या आधी ‘यूझर स्टोरी’ लिहावी लागते. तिच्या पहिल्याच ओळीत हे कुणासाठी चाललंय ते सांगावं लागतं. वापरणारा ठरला नसेल तर काम बॅकलॉगमध्ये पडून राहतं. ‘रोज 500 शब्द’ या संकल्पात वापरणाराच नाही. म्हणून तो फेब्रुवारीपर्यंत टिकत नाही. आळस हे त्याचं वरवरचं कारण आहे. वाईट बातम्यांचा एक आठवडा आला की ‘कशाला लिहायचं’ हा प्रश्न उभा राहतो. ‘कुणासाठी’ हे आधीच ठरलेलं नसेल तर त्याला उत्तर देता येत नाही.

पण ऐकणारा ठरवला की सगळं सुरळीत झालं, असंही नाही. गोलात कोण बसलंय आणि कोण बाहेर राहिलंय, हेही विचारावं लागतं. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत आई श्यामला मोळीवाल्या म्हाताऱ्या महार बाईच्या मदतीला पाठवते. 1933 च्या मानानं ते पाऊल मोठं होतं. पुढे मे 1947 मध्ये गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तो रस्ता याच पावलाचा. पण पुस्तकात ती म्हातारी मदत घेणारी आहे. तिची स्वतःची रात्र त्या 42 मध्ये नाही. सांगणारं घर आणि त्याचं सोवळं जिथे होतं तिथेच राहतं.

ती उरलेली रात्र बाबूराव बागुलांनी लिहिली. बागुल 1930 चे, नाशिकजवळच्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह 1963 चा. त्यांचीही ‘आई’ नावाची कथा आहे. तिची सुरुवात वर्गात होते. मास्तर आईवरची कविता वाचत आहेत आणि झोपडपट्टीतला एक मुलगा तल्लीन होऊन ऐकतो आहे. पुढे वर्गातलीच मुलं त्याच्या आईवरून त्याला जे बोलतात, त्यानं त्याच्या मनात उभी राहिलेली ती आई मोडून पडते. ‘श्यामची आई’ वाचून झाल्यावर ही कथा वाचाच. मातृप्रेमाचं साहित्य ज्या वर्गात वाचलं जातं, तिथल्या शेवटच्या बाकावर काय चाललेलं असतं, ते बागुल दाखवतात. त्यांच्या कथेत दिलासा नाही. तरी मी तिला निराशेची कथा म्हणणार नाही. ज्याला कुणी श्रोता म्हणून मोजलंच नव्हतं, त्याला तिनं मधोमध आणून बसवलं.

आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. 11 जून 1950 ला साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ‘लिहीत राहा, सगळं बरं होईल’ असा उपदेश त्यांच्या नावानं करता येत नाही. लेखनानं अनेकांना आधार दिला, पण त्यांच्या मनावरचं ओझं तेवढ्यानं उतरलं नाही. म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. लेखनाचा संकल्प हा मनाच्या दुखण्यावरचा इलाज नव्हे. त्यासाठी जवळची माणसं हवीत, गरज पडली तर डॉक्टर हवेत. आणि लिहिणाऱ्याच्या मनात आशेचा मोठा साठा असल्याशिवाय आशेचं लेखन होत नाही, हेही खरं नाही. पुस्तकातली आशा सांगणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये असते. ती एकट्यानं वाहायची नसते.

यंदा मी आकड्यांची यादी पुसली आणि तीन ओळी लिहिल्या.

पहिली ओळ ऐकणाऱ्याची. माझा आतेभाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. दिवसभर बागेत असतो, रात्री जेवण झाल्यावर फोन बघतो. दर दुसऱ्या रविवारी रात्री त्याला एक तुकडा वाचून व्हॉइस नोट पाठवायची. त्याला जो कळला नाही, तो पुन्हा लिहायचा.

दुसरी ओळ बागुलांकडून घेतली आहे. कुठलाही तुकडा पाठवण्याआधी विचारायचं की हा भरलेल्या वर्गात मोठ्यानं वाचला, तर कोण मान खाली घालेल? आणि ती मान का खाली जाईल?

तिसरी ओळ धुळ्याच्या 18 रविवारांवरून. ज्या पंधरवड्यात स्वतःचं काही सुचणार नाही, त्या वेळी दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं नीट ऐकून उतरवून घ्यायचं. आजीच्या पिढीतल्या कुणाचं, कंपनीच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाचं, नोकरी गेलेल्या मैत्रिणीचं. तेही लेखनच धरायचं.

या तिन्हीत शब्दसंख्या कुठेच नाही. व्हॉइस नोट पाच मिनिटांच्या आत बसली पाहिजे, एवढी एक अट आतेभावानं घातली आहे. छाटणीच्या दिवसांत तो दमलेला असतो.